लिंबाच्या बागेत आच्छादन पिके: गोव्याच्या जांभ्या मातीत काय पेरावे आणि केव्हा कापावे?

म्हादईकाठ (सत्तरी)

नमस्कार मंडळी. आमची बागायत सत्तरी तालुक्यात डोंगराच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला काजू आहे, खाली ओहोळाच्या बाजूला कुळागर (माड-पोफळीची मिश्र बाग) आहे आणि मधल्या टप्प्यात, जिथे पूर्वी कुमेरीची (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीची) नाचणी व्हायची, तिथे सहा बाय सहा मीटर अंतरावर कागदी लिंबाची झाडे लावलेली आहेत. झाडे आता फळावर आली आहेत. प्रश्न झाडांपेक्षा त्यांच्या मधल्या उघड्या पट्ट्यांचा आहे. मृगाचे दोन मोठे पाऊस पडले की त्या पट्ट्यांतून लाल पाणी वाहू लागते, आणि मार्चमध्ये त्याच ठिकाणी कुदळ मारली तर ठणका हाताला बसतो.

या पट्ट्यांत आच्छादन पीक घ्यावे असे ठरवतो आहे. वाचायला जे मिळाले ते बहुतेक फ्लोरिडाचे किंवा विदर्भाचे आहे. फ्लोरिडात 2005 मध्ये लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग आढळला, मुळे दुबळी झालेल्या झाडांना सावरण्यासाठी तिथल्या बागायतदारांचे लक्ष जमिनीकडे वळले, आणि ओळींमधल्या रेताड पट्ट्यांत ते शेंगवर्गीय व इतर पिकांचे मिश्रण पेरू लागले, असे त्यात दिसते. विदर्भात ताग आणि धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके सांगतात. आपल्याकडचा पाऊस, आपली माती आणि पावसानंतरचे कोरडे महिने धरून कोणते पीक योग्य ठरेल, ते झाडाचे पाणी आणि खत ओढून घेईल का, आणि ते जमिनीत गाडावे की कापून वर पसरावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

कुळागरी (फोंडा)

कुळागरात हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तिथे जमीन उघडी राहतच नाही. माडाची चुडते, पोफळीच्या झावळ्या, केळीची पाने आणि मिरवेलीचा पाचोळा वर्षभर पडत असतो, आणि सावलीमुळे तो लवकर सुकतही नाही. लिंबाला ऊन लागते, झाडे दूर असतात आणि त्यांचा पाचोळाही अगदी थोडा पडतो, म्हणून ही अडचण येते. माझे मत असे की पेरणीच्या भानगडीत पडण्यापूर्वी बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून घ्यावे. त्याच्या फांद्या वर्षातून दोन-तीन वेळा छाटून लिंबाच्या आळ्यात टाकता येतात, आणि बियाण्याचा खर्च एकदाही होत नाही.

मृदाभ्यासक

धागाकर्त्यांनी विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या मातीच्या स्वभावात आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात आणि चिकणमातीचा अंश मुख्यतः केओलिनाइट प्रकारचा असतो. अशी माती पोषणद्रव्ये फारशी धरून ठेवत नाही, दिलेला स्फुरद (फॉस्फरस) मात्र लोह व ॲल्युमिनियमशी बांधून ठेवते आणि झाडाला मिळू देत नाही. तिचा सामू (pH) बहुधा साडेचार ते सहाच्या दरम्यान असतो. या मातीची पोषण धरण्याची ताकद जवळजवळ सगळी तिच्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर अवलंबून असते, आणि ते पदार्थ सर्वाधिक वरच्या वीतभर थरात असतात. लिंबाची अन्न शोषणारी बारीक मुळेही बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटातच असतात. तुमच्या पट्ट्यांतून जे लाल पाणी वाहते, ते नेमका हाच थर घेऊन जाते.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहून अधिक, आणि त्यातला निम्म्याहून जास्त जून व जुलै या दोन महिन्यांत कोसळतो. उघड्या जमिनीवर आदळणारा थेंब मातीचे कण फोडतो, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरण्याऐवजी वाहते. मार्चमध्ये कुदळीला जो ठणका लागतो, त्याची सुरुवात जूनमध्येच झालेली असते. त्यामुळे गोव्यातल्या आच्छादन पिकाचे पहिले काम थेंबाला जमिनीवर आदळू न देणे हे आहे, आणि नत्राचा (नायट्रोजनचा) विचार त्यानंतर करावा.

नत्राविषयी वाढीव अपेक्षा ठेवल्या जातात, म्हणून हिशेब मांडतो. तागाचे चांगले पीक हेक्टरी साधारण 60 ते 90 किलो नत्र जमा करते. आपण 80 धरू. लिंबाच्या बागेत पेरणी निम्म्या क्षेत्रावरच होते, म्हणजे 40 किलो उरले. सहा बाय सहावर हेक्टरी 277 झाडे बसतात, तेव्हा झाडामागे दीडशे ग्रॅमपेक्षाही कमी नत्र आले, आणि तेही सगळे पहिल्याच वर्षी सुटत नाही. पूर्ण वाढलेल्या कागदी लिंबाला वर्षाला सुमारे 600 ग्रॅम नत्राची शिफारस असते. थोडक्यात, खताच्या मात्रेत काही कपात करता येईल, पण खत बंद करता येणार नाही.

सेंद्रिय कर्बाचेही तसेच आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन ढोबळ मानाने 20 लाख किलो असते. पाच टन सुका पालापाचोळा त्यावर घातला तर त्यातून दोन टन कर्ब येतो, आणि आपल्या उष्ण, ओल्या हवेत वर्ष-दोन वर्षांनंतर त्यातला दहा ते वीस टक्केच टिकतो. म्हणजे मातीतला कर्ब एका हंगामात जेमतेम 0.01 ते 0.02 टक्क्याने वाढतो, आणि तेवढा फरक मातीच्या नेहमीच्या तपासणीत दिसूच शकत नाही. पहिल्या वर्षानंतर मृदा आरोग्य पत्रिका पुढ्यात ठेवून कोणी निराश होऊ नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

संत्रेवाला (वरुड)

गोव्याच्या धाग्यावर विदर्भाच्या माणसाने लिहावे की नाही असा विचार केला, परंतु विषय लिंबूवर्गीयांचा आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. आमच्याकडे काळी भारी जमीन आहे, सामू आठच्या आसपास असतो, चुनखडी असते आणि पाऊस तुमच्या तिसऱ्या हिश्शाइतका पडतो. आम्ही ताग फुलोऱ्यावर येताच, पेरणीपासून दीड-दोन महिन्यांत, जमिनीत गाडतो. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्यासाठी) पुढे बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचे असते, त्या वेळी मध्ये हिरवे पीक उभे असले तर ताणाचा अंदाजच येत नाही. तुमच्याकडे हे गणित असेच्या असे लागू होणार नाही.

जे दोन्हीकडे सारखे लागू होते ते असे. बागेत वांगी, टोमॅटो, मिरची ही आंतरपिके घेऊ नयेत, कारण डिंक्या रोगास (खोडातून डिंक गळण्यास) कारणीभूत होणारी फायटोफ्थोरा बुरशी त्यांच्यावरही जगते. आणि कोणतेही आच्छादन, हिरवे असो वा वाळलेले, खोडाला चिकटू देऊ नये. खोडाभोवती दोन-अडीच फुटांचे वर्तुळ मोकळे ठेवावे. तुमच्या पावसात तर हे आमच्यापेक्षा दहापट महत्त्वाचे आहे.

कुळागरी (फोंडा)

डिंक्याबद्दल अगदी बरोबर. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी (फळे कुजून गळण्याच्या रोगासाठी) आपण बोर्डो मिश्रण करतोच, तेव्हा त्याच सुमारास, पावसाळ्यापूर्वी, लिंबाच्या खोडांना बोर्डो मलम लावून घ्यावा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, हे प्रमाण सर्वांना ठाऊक आहे.

म्हादईकाठ (सत्तरी)

मृदाभ्यासक सर, हिशेबाबद्दल मनापासून आभार. नत्राची अपेक्षा खरोखरच जास्त ठेवली होती. आता दोन शंका आहेत. ताग की धैंचा हे कसे ठरवावे? आणि वरुडच्या भाऊंनी दीड-दोन महिन्यांत गाडण्याचे सांगितले, ते आमच्याकडे केले तर ऑगस्टच्या सुरुवातीलाच पट्टे पुन्हा उघडे पडतील असे वाटते. शिवाय आमच्या भागात गवेरेडे आणि मोर आहेत, त्यांचाही विचार करावा लागेल.

मोरडावरची बाग (केपे)

आमची लिंबे आणि तोरिंजे मोरडाच्या, म्हणजे उंचावरच्या जमिनीवर आहेत आणि आम्ही पट्ट्यांत ताग व चवळी दोन्ही घेतो, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते लिहिते.

बी वळवाच्या सरीनंतर, मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या अगदी पहिल्या दिवसांत पडले पाहिजे. पाऊस पूर्ण लागल्यावर पेरलेले बी उतारावरून वाहून खालच्या पाटात उगवते, आणि जे जागेवर राहते ते ढगाळ हवेत पिवळे, खुरटे राहते. पाऊस लागण्यापूर्वी रोप टाचेइतके उंच झालेले असावे, असा आमचा अंदाज आहे. पेरणी उताराला आडव्या ओळींत करावी. ओळ उताराच्या दिशेने गेली तर पाण्याला आपणच वाट करून दिल्यासारखे होते. बी उघडे टाकले तर मोर आणि कवडे ते टिपतात, म्हणून दाताळ्याने हलके झाकून वर थोडा पाचोळा पसरावा लागतो.

ताग पाणी साचलेल्या जागी मरतो, धैंचा तिथे तग धरतो. उतारावर ताग आणि जिथे पाणी थबकते त्या खालच्या कोपऱ्यात धैंचा, इतका साधा नियम पुरतो. गवे आणि मोकाट गुरे चवळीवर तुटून पडतात, तागाला मात्र त्या मानाने कमी तोंड लावतात. त्यामुळे कुंपण पक्के नसेल तर चवळीचा हट्ट धरू नये.

एक अडचण कोणी लिहिली नाही, ती कामगारांची आहे. छातीएवढ्या तागात लिंबे वेचायला कोणी उतरत नाही. फुरसे आणि घोणस यांची भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. आम्ही एका आड एक पट्टा पेरतो. मधला पट्टा गवत कापून आखूड ठेवलेला असतो आणि वेचणी तिथूनच होते. पुढल्या वर्षी पट्ट्यांची अदलाबदल होते. बियाण्याचाही निम्मा खर्च वाचतो.

जुना शेतकरी (डिचोली)

इतका खटाटोप कशासाठी, हे मला अजून कळलेले नाही. पावसात रान आपोआप उगवते. ते वाढू द्यावे, गणपतीपूर्वी आणि दसऱ्याच्या सुमारास असे दोनदा कापावे आणि झाडाखाली टाकावे. आमच्या वडिलांनी हेच केले आणि लिंबे लागतच होती.

मृदाभ्यासक

काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते बाजूला सारू नये. जमीन उघडी असण्यापेक्षा रान केव्हाही चांगले, आणि ज्यांना पेरणी जमत नाही त्यांनी निदान तणनाशक मारून जमीन बोडकी करू नये. मात्र तीन फरक लक्षात घ्यावेत. पहिला वेळेचा आहे. आपोआप उगवणारे रान जमीन झाकायला जून ओलांडतो आणि सर्वांत मोठी झीज तेवढ्यात होऊन जाते. वळवाच्या सरीवर पेरलेला ताग त्याआधी उभा असतो. दुसरे म्हणजे, गवताळ रान हवेतला नत्र बांधत नाही, उलट जमिनीतला घेते. तिसरे म्हणजे, आपल्या डोंगरउतारांवर आपोआप येणाऱ्या रानात रानमोडी हे झपाट्याने पसरणारे तण पुष्कळ असते, आणि तिला बी धरू दिले तर पुढची कित्येक वर्षे ती निस्तरावी लागते.

आता कापणीच्या वेळेविषयी. माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि बियाण्याच्या निवडीवर जितकी चर्चा होते तितकी यावर होत नाही. दीड-दोन महिन्यांत कोवळा ताग गाडण्याची शिफारस अशा प्रदेशांसाठी आहे जिथे गाडल्यानंतर सुटलेला नत्र जमिनीत टिकतो आणि पुढचे पीक तो लगेच उचलते. जूनमध्ये पेरलेला ताग आपण जुलैअखेर गाडला, तर कोवळा पाला दोन-तीन आठवड्यांत कुजतो आणि त्यातून सुटलेला नत्र ऑगस्टच्या पावसाबरोबर खाली निघून जातो. ऑक्टोबरमध्ये ऊन तापू लागते तेव्हा जमिनीवर काहीच उरलेले नसते. म्हणजे पीक घेतल्याचे श्रम झाले, आणि ज्या दोन वेळी आच्छादन हवे होते त्यांतली दुसरी वेळ हुकली.

म्हणून आपल्याकडे कापणी दोन टप्प्यांत करावी. जुलैच्या अखेरीस, फुलोरा येण्यापूर्वी, ताग जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटावा. कोवळा शेंडा झाडाच्या घेराखाली टाकावा, म्हणजे सुटणारा नत्र निदान लिंबाच्या मुळांच्या टापूत राहतो. खालच्या बुंध्याला नव्या फांद्या फुटतात आणि जमीन झाकलेली राहते. दुसरी आणि अखेरची कापणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून परतीचा पाऊस संपेपर्यंतच्या काळात, शेंगा भरण्यापूर्वी करावी. तोवर खोड काष्ठमय झालेले असते. हिरवळीच्या खताच्या दृष्टीने ते जून ठरेल, परंतु आपल्याला नेमके तेच हवे आहे, कारण जाड, कर्बयुक्त काडी सावकाश कुजते आणि उन्हाळ्याचा बराच काळ जमिनीवर टिकते. अशी काडी मातीत मिसळली तर ती कुजताना जमिनीतला नत्र तात्पुरता अडकतो. वर पसरली तर हा त्रास जवळजवळ होत नाही. गाडावे की पसरावे, या प्रश्नाचे उत्तर यातच आले. शिवाय लिंबाची मुळे उथळ असताना बागेत नांगर किंवा रोटाव्हेटर घालणे मला मुळीच पसंत नाही.

अखेरची कापणी लांबवू मात्र नये. पाऊस थांबल्यानंतर उभे राहिलेले प्रत्येक हिरवे पान जमिनीतली ओल उडवत असते, आणि पुढे सात महिने ती ओल लिंबाला पुरवायची आहे. नोव्हेंबरमध्ये उभा असलेला ताग लिंबाचा थेट स्पर्धक असतो.

मोरडावरची बाग (केपे)

सर, ज्यांचा ताग पावसात मार खातो त्यांनी ऑगस्टच्या मध्यावर रिकाम्या जागी कुळीथ टाकला तर चालेल का? आमच्याकडे तो उघडिपीत चांगला येतो.

मृदाभ्यासक

चालेल. कुळीथ कमी ओलीवर येतो आणि लवकर पसरतो. फक्त दाण्यासाठी तो डिसेंबरपर्यंत राखण्याचा मोह टाळावा लागेल.

बियाण्याविषयी एक राहिले. सलग पेरणीसाठी तागाचे हेक्टरी 50 ते 60 किलो बी लागते, पट्ट्यांच्या क्षेत्रानुसार ते कमी करावे. ताग, चवळी, कुळीथ आणि उडीद या सर्वांना चवळी गटाचे रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणारे जिवाणू) चालते, त्याचे प्रमाण दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम. धैंच्याचे जिवाणू वेगळे असतात. सामू साडेपाचच्या खाली असेल तर गाठी नीट धरत नाहीत, म्हणून आधी माती तपासून घ्यावी आणि अहवालाप्रमाणे पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी कृषी चुना किंवा डोलोमाइट द्यावे. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळते, आणि आपल्या मातीत त्याची उणीव असते. जिवाणू लावलेले बी आणि चुना एकत्र मिसळू नयेत.

म्हादईकाठ (सत्तरी)

गाठी धरल्या आहेत की नाही हे शेतात कसे ओळखावे? आणि एका हंगामात मातीच्या तपासणीत फरक दिसणार नसेल, तर उपयोग होतो आहे हे कशावरून कळावे?

मृदाभ्यासक

पेरणीनंतर महिन्याभराने चार-पाच रोपे खुरप्याने, मुळे न तोडता उकरून काढावीत आणि माती पाण्यात धुवावी. उपटू नयेत, गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुळावरची गाठ नखाने चिरून पाहावी. आत गुलाबी किंवा तांबूस रंग असेल तर ती नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती निरुपयोगी आहे, आणि अशाच गाठी सर्वत्र आढळल्या तर सामूकडे पुन्हा पाहावे.

दुसऱ्यासाठी बाटलीची कसोटी घ्यावी. जुलैत मोठी सर चालू असताना पेरलेल्या पट्ट्याच्या तळाशी एक आणि उघड्या पट्ट्याच्या तळाशी एक अशा दोन पारदर्शक बाटल्या वाहत्या पाण्याने भराव्यात आणि रात्रभर पडवीत ठेवाव्यात. सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी. हीच पाहणी दर वर्षी जुलैत त्याच जागी करावी. जानेवारीत आच्छादन हाताने बाजूला सारून पाहिले तर पाचोळ्याच्या लगत, अगदी पृष्ठभागावर, लिंबाची पांढरी बारीक मुळे आलेली दिसतात. उघड्या पट्ट्यात ती सहसा मिळत नाहीत. मात्र ती दिसू लागल्यावर आच्छादन अचानक काढून टाकू नये, वर आलेली मुळे उन्हाने करपतात.

कुळागरी (फोंडा)

थोडे विषयाला धरूनच विचारतो. वेलींचे आच्छादन कसे? रबराच्या मळ्यांत प्युरेरिया असते, ती एकदा लावली की पाहायला नको.

मृदाभ्यासक

रबराचे झाड उंच आणि सरळ असते, लिंबाच्या फांद्या जमिनीपर्यंत येतात. प्युरेरिया त्यांवर चढते आणि दर पंधरवड्याला ती सोडवत बसावे लागते. लिंबासाठी मी ती सुचवणार नाही.

संत्रेवाला (वरुड)

वेलींचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या लिंबावर वाढत नाहीत, त्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात. बागेच्या कुंपणावर आणि बांधावर या वेली असतील तर काढून टाकाव्यात. बावचीसुद्धा बागेत ठेवू नये, कारण पाने खाणारी लिंबाच्या फुलपाखराची अळी तिच्यावर पोसली जाते. आच्छादनाच्या नावाखाली सगळेच हिरवे राखून चालत नाही.

जुना शेतकरी (डिचोली)

आमच्याकडे गुळवेलीला अमृतवेल म्हणतात आणि ती घराघरांत औषधाला लागते. परसात ठेवा, बागेच्या कुंपणावर नको, इतके मान्य करतो.

म्हादईकाठ (सत्तरी)

सर्वांच्या सूचनांवरून यंदाचे नियोजन असे ठरवले आहे. माती तपासणीसाठी नमुने आत्ताच देतो आणि अहवाल आल्यावर चुन्याचे ठरवतो. मेच्या अखेरीस एका आड एक पट्ट्यात उताराला आडवा ताग, खालच्या पाणथळ कोपऱ्यात धैंचा. जुलैअखेर छाटणी, परतीच्या पावसाबरोबर अखेरची कापणी. बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या, ज्या कुळागरी काकांकडून न्यायला येईन. बियाण्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात एप्रिलमध्येच विचारून ठेवतो, कारण जूनमध्ये सगळ्यांचीच धावपळ असते.

शेवटची शंका वाळवी आणि आगीची आहे. जांभ्या मातीत वाळवी भरपूर असते, आणि मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी आम्ही जवळून पाहिल्या आहेत. उन्हाळ्यात बागभर वाळलेल्या काड्या पसरून ठेवायला मन धजत नाही.

मोरडावरची बाग (केपे)

वाळवी पसरलेल्या काड्या खाते, हिरव्या सशक्त झाडाला सहसा लागत नाही. खोडाभोवतीचे वर्तुळ मोकळे असले तर खोडावर चढणारी तिची मातीची वाट लगेच दिसते आणि हाताने खरवडता येते. तेवढी नजर आठवड्याला एकदा ठेवावी. आगीसाठी काजूच्या बाजूने आणि रस्त्याच्या बाजूने दोन-तीन मीटरचा पट्टा जानेवारीतच साफ करून ठेवावा आणि त्यातले आच्छादन उचलून आतल्या झाडांच्या घेराखाली घालावे. काड्या एकसलग पसरण्याऐवजी घेराखालीच ठेवल्या आणि त्या ठिबकने ओल्या राहत असल्या तर आग पुढे सरकायला वाव मिळत नाही. काजूची बोंडे गोळा करायला माणसे येतात तेव्हा विडी-काडीबाबत आधीच बजावून ठेवावे.